मोज्याला पुन्हा भोक पडलं? आधी भोक कुठे आहे ते बघा

गेल्या हिवाळ्यात मी मुलांसाठी मोज्यांचे पाच जोड विणले आणि संक्रांत येईपर्यंत त्यातले चार फाटले. धाकटा पाच वर्षांचा. एका सकाळी दुधाचा पेला हातात घेऊन स्वयंपाकघरात आला, पाय वर केला आणि म्हणाला, "आई, माझ्या मोज्याला खिडकी पडली." त्या खिडकीतून अख्खा अंगठा बाहेर आला होता. मी त्याच दुपारी रफू केलं. बारा-तेरा दिवसांत रफूच्या कडेने पुन्हा फाटलं. पुन्हा शिवलं, पुन्हा तेच. नवीन लोकर आणून नवीन जोड केला, तोही महिन्याभरात गेला.

आम्ही नाशिकला राहतो. इथे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि फरशीवर पाय ठेववत नाही. शाळेचे मोजे गणवेशाचे असतात, त्यामुळे मी विणलेले मोजे सकाळी उठल्यापासून आंघोळीपर्यंत, संध्याकाळी खेळून आल्यावर आणि झोपताना पायात असतात. म्हणजे बहुतेक वेळ बुटाशिवाय, नुसत्या फरशीवर. ही गोष्ट माझ्या लक्षात यायला दोन हिवाळे गेले आणि सगळं निदान तिथेच होतं.

एका रविवारी मी फाटलेले सगळे मोजे पलंगावर ओळीने मांडले. थोरल्याचे एका बाजूला, धाकट्याचे दुसऱ्या. थोरल्याच्या मोज्यांना भोकं टाचेच्या मागे, वरच्या अंगाला. धाकट्याच्या दोन मोज्यांना चवड्याखाली, एकाला अंगठ्याच्या टोकाशी. एकच लोकर, एकच सुया, विणणारी एकच, तरी भोकं वेगवेगळ्या जागी. तेव्हापासून मोजा फाटला की मी आधी सुई हातात घेत नाही. मोजा उलटा करते, मूठ आत घालून ताणते आणि खिडकीच्या उजेडात धरते. भोक पडायच्या आधी लोकरीची लव झडते आणि विरळ जाळी दिसायला लागते. ती जाळी कुठे आहे, त्यावरून मोजा का फाटतोय ते कळतं. कारण वेगळं तर उपाय वेगळा. तुमच्याकडेही मोजे पुन्हा पुन्हा फाटत असतील, तर एवढं एक करून बघा आणि मग पुढचं वाचा.

चवड्याखाली विरलं असेल तर

आपल्याकडे हे सगळ्यात जास्त होतं आणि विणकामाच्या पुस्तकांत याबद्दल सगळ्यात कमी असतं. बहुतेक कृती थंड देशांतल्या. तिथे मोजा बुटात घालायचा, म्हणून टाच मजबूत करायला सांगतात. आपण चपला-बूट दाराबाहेर काढतो आणि मोज्यांनीच घरभर फिरतो. त्यात मुलगे चालत नाहीतच. आमच्या घरात स्वयंपाकघरापासून हॉलपर्यंत सरळ बोळ आहे. धाकटा तिथून धावत सुटतो आणि चपलांच्या कपाटाच्या अलीकडे दोन्ही पाय जोडून घसरत थांबतो. दिवसातून किती वेळा, ते मोजणं मी सोडून दिलं. त्या घसरण्यात अंगाचा सगळा भार चवड्यावर येतो आणि फरशीवर झाडूने राहिलेली बारीक कचकच असतेच. ती लोकरीत बसते आणि आतून कानशीसारखी घासते. आमच्या आईकडे जुनी शहाबादी फरशी आहे, तिथे आठ दिवस राहून आलो की मोज्यांचे तळवे ओळखू येत नाहीत.

पळू नको म्हणून मी पुष्कळ सांगून पाहिलं. पाच वर्षांचं मूल आहे, ते पळणारच. मोजाच पळण्याजोगा करायला हवा.

त्यासाठी पहिली गोष्ट लोकर. मेन रोडच्या दुकानात मी कायम मऊ बघून बेबी वूल घ्यायचे. हाताला मऊ लागते ती लोकर बहुधा सैल पिळाची असते आणि सैल पीळ घासला की लगेच सुटतो. घरी करून बघण्यासारखी परीक्षा सोपी आहे. वीतभर धागा घ्या, टोकाशी उलगडा आणि किती पदर आहेत ते मोजा. मग तोच धागा अंगठा आणि बोट यांच्यात जोर लावून तीस-चाळीस वेळा चोळा. पदर सुटून कापूस झाला, तर ती लोकर टोपीला किंवा स्वेटरला ठेवा. चार पदरांची घट्ट पिळाची लोकर मोज्याला चांगली. मोज्यांसाठी म्हणून जी लोकर मिळते तिच्यात साधारण ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन असतं, आणि १०० ग्रॅमच्या गुंड्यात ४२० मीटरच्या आसपास धागा येतो. महाग वाटते खरी. पण एवढ्या मुलांचे दोन जोड एका गुंड्यात होतात आणि दोन्ही जोड हिवाळाभर टिकतात.

अशी लोकर मिळाली नाही, तर साध्या लोकरीबरोबर तळव्यापुरता एक बारीक दोरा जोडीने विणा. ओव्हरलॉकला वापरतात तो फुगीर नायलॉनचा दोरा यासाठी उत्तम. चकचकीत तंगूस मात्र वापरू नका. मी एकदा वापरला. तंगूस जसाच्या तसा राहिला आणि त्याने आजूबाजूची लोकर कापून टाकली.

दुसरी गोष्ट वीण. मी पूर्वी मोजे ११ नंबरच्या सुयांवर विणायचे, म्हणजे ३ मिलिमीटरच्या. १० सेंटिमीटरमध्ये २६ टाके बसायचे. आता त्याच लोकरीला १३ नंबरच्या, सव्वादोन मिलिमीटरच्या सुया घेते आणि ३२ टाके बसवते. हात दुखतो, काम हळू होतं. पण टाके एकमेकांना चिकटून बसले की मधल्या फटीत कचकच शिरत नाही. उजेडात धरल्यावर टाक्यांमधून आरपार दिसलं, तर वीण मोज्यासाठी सैल आहे असं समजा.

आणि तिसरी गोष्ट मी यंदा पहिल्यांदा केली, ती सगळ्यात उपयोगी पडली. मोजा पूर्ण झाला की पायात घालायच्या आधीच बाहेरच्या बाजूने, चवड्याच्या जागी, साधारण चार बाय पाच सेंटिमीटरच्या तुकड्यात, स्वेटर शिवायच्या बोथट सुईने टाक्यावर टाका भरायचा. विणलेल्या टाक्याच्या वाटेनेच दोरा न्यायचा, नुसते धावते टाके घालायचे नाहीत, म्हणजे ताण पडला तरी तो भाग मोज्याबरोबर ताणला जातो. एका मोज्याला अर्धा-पाऊण तास लागतो. नोव्हेंबरात धाकट्याच्या दोन जोडांना असं केलं. एक जोड अजून धडधाकट आहे. दुसऱ्याची वरून भरलेली लोकर झिजलीय, खालचा मूळ टाका शाबूत आहे. ती झिजलेली लोकर उसवून पुन्हा भरायची, एवढंच काम.

गुळगुळीत टाइल्स असतील, तर लोकरीचा मोजा भलताच घसरतो आणि मूल पालथं पडतं. तळव्याला मधेमधे उलट टाक्यांच्या ओळी घातल्या तर पकड थोडी वाढते. तरी जिन्यावर मोजे काढूनच चढायचं, हा नियम आमच्याकडे पक्का आहे.

अंगठ्याच्या टोकाशी भोक असेल तर

आधी नखं बघा. खरंच आधी नखं बघा, मी मोजा दोनदा शिवल्यावर बघितली.

नखं कापलेली असूनही तिथेच फाटत असेल, तर मोजा आखूड झालाय. या वयात पाऊल वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं, आणि मागच्या वर्षीच्या मापाने विणलेला मोजा अंगठ्यावर तंबूसारखा ताणला जातो. माप संध्याकाळी घ्या. मुलाला कागदावर उभं करा, टाच भिंतीला टेकवा आणि सगळ्यात लांब बोटापाशी खूण करा. बसवून घेतलेलं माप कमी येतं. धाकट्याचं पाऊल आता साडेअठरा सेंटिमीटर आहे. मोजा त्याहून एक सेंटिमीटर कमी, म्हणजे साडेसतरा. विणलेला मोजा ताणून बसला पाहिजे, म्हणून कमी. माझ्या विणीत टोकाला साडेतीन सेंटिमीटर लागतात, म्हणजे टाचेच्या मागच्या कडेपासून चौदा झाले की मी टोकाचे टाके कमी करायला घेते.

टाचेच्या मागे किंवा घोट्याखाली भोक असेल तर

थोरला आठ वर्षांचा आहे. रविवारी सकाळी तो बाबांबरोबर अनंत कान्हेरे मैदानावर क्रिकेट खेळायला जातो, थंडीत माझे मोजे आणि खेळाचे बूट घालून. त्याची भोकं बुटाच्या मागच्या काठाने पडतात, असं मी धरून चालले होते आणि ते अर्धंच खरं होतं. मैदानावरून आल्यावर त्याने बूट काढले, तेव्हा मोजा अर्धा टाचेखाली गोळा झालेला होता. टाचेसाठी विणलेला भाग तळव्याखाली आणि नळीचा साधा पातळ भाग बुटाच्या काठाशी. त्या चुणीवर दोन तास घासाघीस झाली, मग फाटणार नाही तर काय.

मोजा घसरत होता, कारण तो मोठा होता. आणि मोठा होता, कारण मी तो वाढत्या अंगाचा विणला होता. आपल्याकडे मुलांचं सगळंच वाढत्या अंगाचं घेतात. सदरा दोन बोटं मोठा, चड्डी दुमडून घालायची, स्वेटरच्या बाह्या उलटवायच्या. त्यात काही चूक नाही, मी स्वतः मोठ्या भावाच्या... नव्हे, मोठ्या बहिणीच्या आणि भावाच्याही कपड्यांत वाढले. मोज्याला मात्र हा हिशेब लावता येत नाही. सैल मोजा पायात फिरतो, चुण्या पडतात आणि चुणी पडली की तिथे फाटतो. मोजा पायापेक्षा लहानच हवा.

किती लहान, त्याचा हिशेब असा. चवड्याच्या रुंद भागाभोवती टेप धरा. थोरल्याचा घेर १८ सेंटिमीटर. त्यातून दहावा भाग वजा केला की उरतात १६.२. माझ्या विणीत १० सेंटिमीटरला ३२ टाके, म्हणजे १६.२ ला जवळपास ५२ टाके. चाराने भाग जातो, त्यामुळे दोन उलट दोन सुलटची बॉर्डरही बरोबर जुळते. मी पूर्वी त्याच्यासाठी सैल विणीतही ५२ टाकेच घालायचे. २६ च्या विणीत ५२ टाके म्हणजे २० सेंटिमीटरचा मोजा, १८ च्या पायाला! घसरण्याचं कारण कागदावर लिहिल्यावर इतकं सरळ दिसलं.

बॉर्डर निदान पाच सेंटिमीटर ठेवा. सुरुवातीचे टाके दोन सुया एकत्र धरून घाला, मग एक सुई काढून घ्या. काठ सैल राहतो आणि मूल स्वतःच्या हाताने मोजा ओढून घेऊ शकतं. काठ घट्ट असला, तर ते टाचेला धरून खेचतात आणि टाच वेडीवाकडी होते.

आता टाचेची पट्टी. ५२ पैकी निम्मे, २६ टाके टाचेला. सुलट बाजूने एक टाका न विणता उजव्या सुईवर घ्यायचा, पुढचा सुलट विणायचा, असं ओळभर. परतीच्या ओळीत पहिला टाका तसाच घेऊन बाकी सगळे उलट. अशा २६ ओळी. न विणता घेतलेल्या टाक्यामागून धागा जातो, त्यामुळे पट्टी दुपटीच्या आसपास जाड होते. ही युक्ती जुनीच आहे. माझी चूक अशी की मी पट्टी २० ओळींत आटोपती घ्यायचे, आणि आखूड पट्टी टाच पुरती झाकत नाही.

याच जागी आणखी एक भोक दिसतं, ते झिजून पडलेलं नसतं. टाचेची पट्टी आणि पायाची वरची बाजू जिथे मिळते, तिथे कळीच्या, म्हणजे घोट्याच्या बाजूच्या तिकोनी भागाच्या कोपऱ्यात, मोजा नवाकोरा असतानाच एक फट असते. पट्टीच्या कडेने टाके उचलताना कोपऱ्यातून एक टाका जादा उचला आणि पुढच्या फेरीत तो पीळ देऊन शेजारच्या टाक्याबरोबर एकत्र विणा. फट बंद होते.

मोजा तीन-चार सुयांवर गोल विणताना सुया जिथे बदलतात तिथे सैल टाक्यांची उभी शिडी दिसते, त्यावर सगळ्याजणी पहिला टाका आवळून घ्यायला सांगतात. मला दुसरा टाका आवळल्याने फरक पडला.

भोक पडलंच असेल तर

जाळी दिसत असतानाच रफू केलं तर पंधरा मिनिटांचं काम असतं. आई जुना पिवळा बल्ब मोज्यात घालून रफू करायची. घरात दोन मुलगे असताना मी काचेच्या वाटेला जात नाही. त्यांचाच प्लॅस्टिकचा चेंडू घालते. तो निम्म्या कामात परत मागितला जातो, म्हणून आता एक माझ्या लोकरीच्या टोपलीत वेगळा ठेवलाय.

माझं रफू पुन्हा पुन्हा कडेने सुटत होतं, त्याचं कारण मी भोकाच्या काठाला काठ लावून शिवत होते. काठाचे टाके आधीच मेलेले असतात. भोकाच्या चारी बाजूंना एक सेंटिमीटर बाहेर, जिथे लोकर अजून भरीव आहे, तिथून सुरुवात करा. आधी उभे दोरे भरा, मग आडवे, एकाआड एक वरून खालून. वळताना प्रत्येक टोकाला छोटासा फास मोकळा सोडा. धुतल्यावर दोरा आकसतो, फास नसला तर सगळं गोळा होतं. गाठ कुठेच मारू नका. मुलाच्या तळव्याखाली ती गाठ खड्यासारखी टोचते, मग तो मोजा घालायचाच बंद होतो आणि का ते सांगताही येत नाही त्यांना.

भोक रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठं असेल तर रफूच्या नादी लागू नका. टोकाकडचं असेल तर टोकच बदला, ते खाली सांगते.

धुण्याबद्दल एवढंच, की रोजच्या कपड्यांबरोबर गरम पाण्यात मशीनला लावलेला लोकरीचा मोजा आटतो आणि कडक होतो. कोमट पाण्यात, उलटा करून, न पिळता धुवा आणि सावलीत पसरून वाळवा. उलटा करून झटकलात, तर आतली वाळू-कचकच निघून जाते, आणि तीच खरी वैरीण.

दुसरा मोजा कुठे गेला?

ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तमधल्या अँटिनोपोलिसहून आलेला एक मोजा आहे. तिसऱ्या-चौथ्या शतकातला, लहान मुलाच्या डाव्या पायाचा, रंगीत पट्ट्यापट्ट्यांचा आणि अंगठ्याला वेगळा कप्पा असलेला. तो दोन सुयांवर नाही, एकाच सुईने केलेला आहे. मी थोरल्याला त्याचा फोटो दाखवला. त्याने नीट बघितला आणि विचारलं, "आणि उजव्या पायाचा?"

आमच्याकडचे उजवे-डावे सोफ्याखाली सापडतात. मी जोडाला सेफ्टी पिन लावूनच धुवायला टाकते, आणि दोन्ही मोजे एकाच आठवड्यात विणते, कारण पंधरा दिवसांच्या अंतराने माझा हात बदलतो आणि एक मोजा दुसऱ्याहून सैल होतो. विणताना टाके मोजत असले की हमखास "आई, भूक लागली" येतं आणि आकडा हरवतो. आता ५२ टाके मी तीन सुयांवर असे वाटते, की वरच्या बाजूचे २६ एका सुईवर आणि तळव्याचे १३-१३ दोन सुयांवर. थोरल्याचा तेराचा पाढा चालू आहे. मी हाक मारली की तो येऊन बोटाने एकेका सुईवरचे टाके मोजतो आणि स्वतःच म्हणतो, "तेर दुणे सव्वीस, तेर चोक बावन्न, बरोबर आहे आई." एकदा एकावन्न निघाले. सुटलेला टाका चार ओळी खाली त्यानेच दाखवला.

टोक बदलायची रीत

हे वरून खाली, म्हणजे बॉर्डरपासून टोकाकडे विणलेल्या मोज्याला जमतं. फाटलेल्या भागाच्या दोन फेऱ्या वर, शाबूत लोकरीत, एकच टाका कात्रीने कापा. छाती धडधडते, पण कापा. मग सुईच्या टोकाने ती एक फेरी टाका टाका उसवत जा आणि वरच्या अंगाचे मोकळे होणारे टाके पातळ सुईवर उचलत चला. फेरी पूर्ण झाली की फाटलेलं टोक हातात येतं आणि सुयांवर ५२ टाके असतात. मोजून घ्या. नवी लोकर जोडा, कापल्यामुळे गेलेल्या फेऱ्या भरून काढा आणि वर्षभरात पाऊल वाढलं असेल तर त्यावर आणखी पाच फेऱ्या विणा. माझ्या विणीत पाच फेऱ्या म्हणजे एक सेंटिमीटरहून जरा जास्त. मग दोन्ही बाजूंना दोन-दोन असे चार टाके एका फेरीआड कमी करत ५२ वरून २८ वर या, पुढे प्रत्येक फेरीत चार कमी करत १६ वर. राहिलेले आठ आणि आठ समोरासमोर धरून सुईने टाक्याला टाका जोडून शिवा. कडेला शिवण येत नाही, बोटांना काही लागत नाही.

टोकाला मी मुद्दाम वेगळा रंग घेते. थोरल्याचं निळं, धाकट्याचं पिवळं. सकाळच्या घाईत कुणाचा कुठला यावरून होणारी रडारड थांबली. आत्ता माझ्यासमोर धाकट्याचा तोच खिडकी पडलेला मोजा आहे, टोक कापून सुयांवर चढवलेला. पिवळी लोकर थोडी कमी पडतेय असं दिसतंय. त्याला विचारलं, तर म्हणाला की एका पायाला पिवळं आणि एका पायाला हिरवं चालेल.